कानखूण

कात्रीचं थंड पातं कानामागं टेकलं मात्र, हनुमान खुर्चीत असा उडाला की पात्याचं टोक थेट पाळीत घुसलं. चूक न्हाव्याची नव्हतीच. "हिलो नक्को बोला था ना मैं," असं पुटपुटत त्यानं तुरटीचा खडा पाण्यात बुडवला आणि रक्तावर दाबला. "हर बार का है तुम्हारा, हनुमानभाई. कान को हाथ लगाया के बिदकते. कंप्यूटरवाले हो के बकरी के बच्चे माफक कायकू करते?" औरंगपुऱ्यातल्या त्या अरुंद दुकानात बाकावर नंबर लावून बसलेली माणसं हसली. हनुमानही हसला, कारण हसण्यावारी नेलं की पुढचे प्रश्न टळतात हे तो शहरात आल्या आल्या शिकला होता. पण रक्ताचा एक ओघळ मानेवरून गळ्यातल्या पांढऱ्या कापडावर उतरला, आणि त्या एवढ्याशा रक्तानं त्याला लहानपणच्या मेंढरांच्या तळावर नेलं. त्याचा बाप केरबा, म्हणजे आबा, मांडी घालून बसायचा. कोकराचं डोकं दोन गुडघ्यांत आवळायचा, डावा कान चिमटीत ताणून धरायचा आणि टोकाला मधोमध कात्री घालून त्याच्या दोन फाका करायचा. केरबाची खूण. अजिंठ्याच्या खालच्या अंगाला कुणीही अंधारात त्या कानावरून बोट फिरवावं आणि सांगावं, हे केरबाचं जनावर. कोकरू एकदाच ओरडायचं. मग आबा जखमेवर राख दाबायचा आणि त्याच रक्ताळल्या बोटांनी बिडी पेटवायचा. कोकरं धरून आणायचं काम हनुमानचं. दरवेळी कात्री मिटली की त्याचा हात आपोआप स्वतःच्या कानाकडं जायचा, आणि ते पाहून आबा म्हणायचा, "तुपला बी कातरू का रं? म्हंजे शेरात हरवला तरी कुणी बी आनून देईल." हे आबाचं लाडाचं बोलणं होतं. त्या लाडाची भीती अजून गेली नव्हती.

फोन वाजला तो तेवढ्यात. पडद्यावर मोनाली. धाकटी बहीण सकाळच्या पारी कधी फोन करत नसे, त्या वेळी तिचा नवरा तळावर असायचा. "भाऊ," ती म्हणाली. "भाऊ, आबाला लई मारलं रं. कान कापला आबाचा." "कुणी?" "पुंडलिकनं." लग्नाला इतकी वर्षं झाली, नवऱ्याचं नाव तिच्या तोंडून हनुमाननं कधी ऐकलं नव्हतं. तिनं ते नाव असं टाकलं, जसा दाढेखाली आलेला खडा माणूस थुंकतो. मग तुटक तुटक सगळं आलं. आता रोजचं मारणं सहन होईना म्हणून तिनं आबाला बोलावून घेतलं होतं. पहाटे दोघं निघाले, सोबत तिच्या आंदणाच्या मेंढ्या घेतल्या, लग्नात आबानं दिलेल्या आणि त्यांचीच पुढची वीण. अजिंठ्याच्या रस्त्यावर एका फाट्याला पुंडलिक मोटरसायकलवर आडवा आला, चोर चोर म्हणून ओरडला, माणसं जमली. कुणीतरी शहाण्यानं मेंढीच्या कानातल्या बिल्ल्याला मोबाइल लावला. "त्यात त्याचंच नाव आलं, भाऊ. समद्या मेंढ्यांला त्याचंच. मग काय, काठ्याच. मी वरडत व्हते, मपल्या हायत, मपल्या हायत, तर एक जन म्हनला, मोबाइल काय खोटं बोलतो व्हय बाई?" मेंढ्या पुंडलिकनं परत तळावर हाकलत नेल्या होत्या आणि तिनं आबाला सरकारी दवाखान्यात आणलं होतं. ती म्हणाली, "तुमच्याच हापिसाचं हाय ना रं ते मोबाइलातलं? बघ की काय झालंय." हनुमान गळ्यातलं कापड ओढून उठला. मागून न्हावी ओरडत होता की अरे भाई, आधाच हुआ है.

रिक्षात बसल्यावर त्याला कळलं की डोकं एका बाजूनं भादरलेलं आणि दुसऱ्या बाजूनं तसंच आहे. रिक्षावाला आरशातून पुन्हा पुन्हा बघत होता. बघू दे. हनुमानच्या डोळ्यांपुढं गुलमंडीची गर्दी नव्हतीच, काळा पडदा होता आणि त्यावर पांढरी अक्षरं. साड्यांच्या दुकानावरच्या माडीवर त्यांचं ऑफिस, खाली नेसणं आणि वर मेंढरं, असं सगळे गमतीनं म्हणायचे. विमा उतरवलेल्या प्रत्येक मेंढीच्या कानात पिवळा बिल्ला ठोकलेला असे, बिल्ल्यावर आकडा, आकड्याला मोबाइल लावला की मालकाचं नाव समोर. ती नावं ज्या फायलीत राहायची ती फाइल हनुमानच्या ताब्यात. प्रत्येक मेंढीची एक नोंद, प्रत्येक नोंदीला ठरलेले कप्पे: बिल्ला, कळप, कारभारी, मालक. गेल्या महिन्यात विमावाल्यांनी कुरकुर केली की कळप एक आणि त्यात मालक चार असा घोळ चालणार नाही, एका कळपाला एकच मालक दाखवा. सुदर्शन सर, ज्यांचं ते ऑफिस, म्हणाले, "हातानं करत बसशील तर म्हातारा होशील. कायतरी डोकं लाव." हनुमाननं डोकं लावलं. खिडक्या नाहीत, चित्रं नाहीत, काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करायची: कसला नमुना हुडकायचा, कोणत्या कप्प्यात हुडकायचा आणि तिथं काय बसवायचं. बटण दाबलं की ते हत्यार फायलीत शिरायचं आणि जिथं जिथं नमुना जुळेल तिथं जुनं छाटून नवं लावायचं, बाजूच्या कप्प्याला धक्का न लावता. त्याचं नाव त्यानंच ठेवलं होतं, कात्री. सरांना नाव फार आवडलं. पोरगं अस्सल धनगराचं आहे, असं ते पाहुण्यांना कौतुकानं सांगायचे.

त्या अस्सलपणानंच घात केला. कळपाचा कारभारी जो, मालकही तोच, हा नियम लिहिताना त्याचा हात जराही अडखळला नाही, कारण तळावर वाढलेल्या माणसाला ते आईच्या दुधाइतकं ठाऊक होतं. मेंढरं कुणाची, तर कारभाऱ्याची. अमक्याची मेंढरं आली, तमक्याची बसली. आंदणाच्या मेंढ्या नवऱ्याच्याच कळपात चरतात, त्याच्याच काठीनं वळतात. कान मात्र त्यांचे बाईच्या बापाच्या खुणेचे, आणि त्यांना झालेल्या कोकरांचेही तसेच. त्या बाईच्या. तिच्यावर वेळ आली तर ती तेवढ्या घेऊन उठू शकते. ही गोष्ट इतकी सगळ्यांना माहीत असते की ती कुणी तोंडानं बोलत नाही. एखादा शहरातला पोरगा त्या फायलीपुढं बसला असता तर त्यानं विचारलं असतं की कळप पुंडलिकचा आणि मालक मोनाली, हे कसं काय बुवा? परक्याला प्रश्न पडतो. घरच्याला पडला नाही. त्याला तो घोळ वाटला, आणि घोळ निस्तरायला तर त्याला बसवलं होतं.

पण एवढंच असतं तर त्याला रिक्षात असं गुदमरलं नसतं. कात्री छाटण्याआधी दाखवायची. जुनी ओळ तांबडी, तिच्याखाली नवी हिरवी, तांबडी, हिरवी, अशी सरसर वर सरकत जायची, आणि त्या वेळी हनुमानच्या हातात चहा होता. त्या तांबड्यांत एक ओळ गेली, मालक मोनाली, आणि खाली हिरवी, मालक पुंडलिक. मग तीच जोडी पुन्हा, पुन्हा. त्यानं ती पाहिली होती. सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा तो मनाशी म्हणाला, पाहिली नाही, एवढ्या ओळींत एक ओळ कशी दिसेल? आणि सिग्नल सुटायच्या आत त्याचं त्यालाच हसू आलं, कारण तेव्हा काय वाटलं हेदेखील त्याला आठवत होतं. बरं वाटलं होतं. अरे, आपली मोना, असं. पेपरात ओळखीच्या माणसाचं नाव दिसावं तसं. मग चहाचा घोट घेऊन त्यानं बटण दाबलं होतं. जुनी प्रत राखून ठेवायची सोय त्यानंच त्या हत्यारात करून ठेवली होती आणि त्यानंच ती बंद ठेवली होती, फाइल जड होते म्हणून. ऑफिसची दर रविवारी निघणारी राखीव प्रतही नव्या फायलीची निघाली आणि तिनं उरलीसुरली जुनी फाइल पुसली. आता उलटं फिरवावं म्हटलं तर फिरवणार कसं? पुंडलिक पुंडलिक पुंडलिक, सगळीकडं एकच नाव. त्यातले कोणते मुळातले आणि कोणत्या पुंडलिकच्या खाली मोनाली गाडली आहे, हे कात्रीला विचारून कळणार नव्हतं. कापलेलं कात्री परत जोडत नाही. मेंढ्यांच्या कानाशिवाय आता साक्ष देणारं कुणी उरलं नव्हतं.

सरकारी दवाखान्याच्या दारात उतरताना त्याला कडुबा आठवला. आठवला म्हणजे कधी विसरलाच नव्हता. हनुमान तेव्हा शाळेत जायच्या वयाचा, तळ एका माळावर पडलेला. कडुबा नावाचा माणूस चोरीच्या मेंढ्यांसकट सापडला, कानांवरच्या खुणा नव्यानं कातरलेल्या, जखमा अजून ओल्या. त्याला बाभळीला बांधलं. आधी काठ्या झाल्या, मग चप्पल, मग बायकांनी तोंडात माती घातली. कडुबा आधी शिव्या देत होता, मग देवाचं नाव घेत होता, मग नुसता आवाज येत होता, ज्याला भाषा नव्हती. हे सगळं बघायला हनुमानला कुणी हाकललं नाही. उलट आबानं कडुबाचं डोकं बगलेत दाबून धरलं, हात मागं केला आणि म्हणाला, "कात्री दे." आणि हनुमाननं दिली. त्यानं ती मुठीकडून दिली, पातं स्वतःकडं धरून, आईनं शिकवलं होतं तसं, म्हणजे घेणाऱ्याला लागू नये. ही गोष्ट त्याला फार वर्षांनी आठवली आणि तेव्हापासून तिनं त्याला धड झोपू दिलं नाही. आबा वाईट माणूस नव्हता. त्याच आबानं पुढं हनुमानला शिकवण्यासाठी मेंढरं विकली, शहरात खोली बघून दिली, आणि जाताना चार माणसांत रडला. त्याच हातांनी त्यानं कडुबाचा कान कापला होता, आणि घरी येऊन हात धुऊन भाकरी खाल्ली होती.

आबा खाटेवर होता. चेहरा असा सुजलेला की हनुमान एकदा पुढच्या खाटेपर्यंत जाऊन परत आला. डोक्याभोवती पट्टी, डाव्या अंगाला तांबडी भिजलेली. हाताला प्लास्टर घातलेलं. एक डोळा मिटलेला, दुसरा छताकडं. मोनाली खाली बसली होती, लुगड्यावर आबाचं रक्त वाळून काळं पडलं होतं आणि तिच्या स्वतःच्या ओठाचं अजून ओलं होतं. "आबा," हनुमान म्हणाला. म्हातारा म्हणाला, "कान नाय रं दुखत. मला चोर म्हनले. ल्हान ल्हान पोरं म्हनली. आपल्याच खुनेची मेंढरं, आन मी चोर." आणि मग, छताकडंच बघत, "कडुबा बी असाच वरडला व्हता का रं? मला आईकू आलं नव्हतं तवा." हनुमानला वाटलं आता जमीन फाटावी. त्याला रडू आलं नाही, राग आला, आणि तो राग कुणावर काढावा ते कळेना म्हणून त्यानं खाटेचा लोखंडी पाय इतका घट्ट धरला की तळहातावर वळ उठला.

चौकशीला आलेले पोलीस जमादार बाहेर बाकड्यावर बसून चहा पीत होते. माणूस तसा बरा होता, वसवस करणारा नव्हता. "हे बघा," ते म्हणाले, "मारहाणीचा गुन्हा मी घेतो. पण जावयानं चोरीची तक्रार आधी दिलेली आहे, आणि नोंदीत नाव त्याचं आहे. म्हाताऱ्याकडं काय आहे दाखवायला?" मोनाली उठून दारात आली. "कानं बघा सायेब. मपल्या मेंढ्यांच्या कानाला आबाची खूण हाय, टोकाला दोन फाका. त्याच्या मेंढ्यांची टोकं सपाट छाटलेली असत्यात. आंधळ्याला बी कळंल." जमादारांनी मान हलवली. हा पुरावा चालेल असं त्यांना वाटलं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "बरोबर आहे. संध्याकाळी येतो बघायला. मेंढ्या काय उडून जातात?" मोनालीनं हनुमानकडं पाहिलं, हनुमाननं तिच्याकडं. दोघांच्याही मनात एकदमच आलं. दोन फाकांचं टोक सपाट करायला एकच छाट पुरते.

लष्करी छावणीच्या पलीकडं, खाम नदीच्या अंगाला एका कापूस निघालेल्या रानात पुंडलिकचा तळ होता. रिक्षात मोनाली त्याच्या शेजारी बसली. तिच्या अंगाला मेंढरांचा, औषधाचा आणि रक्ताचा मिळून वास येत होता. तिनं त्याच्या अर्धवट डोक्याकडं आत्ता पाहिलं, पण हसली नाही. "तुला परवा फोन केल्ता," ती म्हणाली. "निघू का म्हनून इचारलं व्हतं. बघू म्हनलास." "कामात होतो." "व्हय. तू कामातच आस्तो." तेवढ्यात सरांचा फोन आला. त्यांच्यापर्यंत बातमी पोचली होती. ते हळू आवाजात बोलत होते, पण रिक्षात ते ऐकू जात होतं की नाही या धास्तीनं हनुमाननं फोन कानात खुपसला आणि सकाळची जखम ठणकली. "हनुमान, डेटा बरोबर आहे. कुणी विचारलं तरी बरोबरच आहे, कळलं का? विमावाल्यांनी सांगितलं तसं आपण केलं. तू बदलला म्हणून कुठं लेखी दिलंस तर ऑफिसला टाळं लागेल आणि केस तुझ्यावर होईल, माझ्यावर नाही." "हो सर." "तुझ्या वडिलांचं वाईट वाटलं. खर्चाचं बघू आपण." हनुमाननं पुन्हा हो सर म्हटलं. फोन ठेवल्यावर मोनालीनं विचारलं, "काय म्हनले?" तो म्हणाला, "आबाची चौकशी करत होते." आणि सांगायची वेळ होती ती तिथंच, कॅन्टोन्मेंटच्या त्या झाडांखाली, टळून गेली. आधी कान वाचू देत, मग सांगू, असं त्यानं ठरवलं. कान शाबूत राहिले तर कदाचित सांगायची गरजच पडणार नाही, हेही त्याच वेळी त्याच्या मनात आलं आणि तो विचार त्यानं लगेच दाबून टाकला.

लांबूनच आवाज आला. मेंढी कापताना ओरडत नाही म्हणतात, पण कान कातरला की ओरडते. बाभळीच्या काट्यांच्या कुंपणाआड पुंडलिक घोंगडीवर बसला होता, मेंढीचं डोकं गुडघ्यांत, अगदी आबा बसायचा तसाच. तळावरची दुसरी माणसं मोठा कळप घेऊन रानात गेली होती. त्याच्या पायाशी मातीत कानांची टोकं पडली होती, दोन दोन फाकांची, केसाळ, काहींवर माशा. कुंपणाच्या कडेला मोनालीच्या मेंढ्या डोकी झटकत उभ्या होत्या आणि प्रत्येक झटक्यासरशी रक्ताचे थेंब एकमेकींच्या अंगावर उडत होते. पांढरी लोकर ठिकठिकाणी तांबडी झालेली. सगळ्यांचे कान सपाट. गुडघ्यांतली ती शेवटची. मोनालीच्या तोंडून एक आवाज निघाला, त्याला भाषा नव्हती, आणि तो आवाज हनुमाननं फार पूर्वी एकदा ऐकलेला होता.

पुढं काय झालं ते हनुमानच्या डोक्यानं केलं नाही, हातांनी केलं. त्यानं कुंपण ओलांडलं तेव्हा काटे मांडीत मोडले ते त्याला नंतर कळलं. त्यानं पुंडलिकच्या छातीत लाथ घातली, मेंढी सुटून पळाली, तो पडला तसा हनुमान त्याच्या छाताडावर बसला आणि बुक्क्या घालत राहिला, नाकावर, तोंडावर, परत नाकावर. हाड मोडल्याचं बोटांना कळलं. ते बरं वाटलं. शहरात आल्यापासून इतकं बरं त्याला कधी वाटलं नव्हतं. पुंडलिक अंगानं दांडगा, त्यानं एकदा हनुमानला उलथवलं, ढेकळानं त्याच्या भुवईवर ठेचलं, पण हनुमान पुन्हा वर आला आणि त्याच्या हाताला मातीतली कात्री लागली. कातरण्याची जुनी लोखंडी कात्री, मुठी रक्तानं चिकट झालेल्या. त्यानं पुंडलिकचं डोकं बगलेत दाबलं. कान चिमटीत धरून ताणला. गरम, भुसभुशीत, केसाळ कान. आता एवढं मिटायचंच बाकी होतं.

"आरं, मपल्यावर काय येतो?" पुंडलिक तोंडातलं रक्त थुंकत म्हणाला. त्याच्या आवाजात भीती होती, पण भीतीहून जास्त नवल होतं. "तूच केलं ना माझं नाव? म्या काय केलं? आठ दिस झाले, एक मेंढी मेली म्हनून बिल्ल्याला मोबाइल लावला, तर मोनीच्या समद्या मेंढ्या माझ्या नावावर. आरं, मी पेढे वाटले तळावर. म्हनलं, मेव्हण्यानं पाठ राखली. बहीन नांदत नाय हे त्याला बी पटलंय, म्हनून त्यानं गुमान माझ्या नावावर केल्या. तू हापिसात बसतो, तुझ्याबिगर कोन करनार? ज्याचं नाव त्याचा कान. म्या तेवढंच केलं." हनुमानची चिमटी ढिली झाली नाही, पण कात्रीही मिटली नाही. ऊन डोक्यावर होतं. मेंढ्या डोकी झटकत होत्या. मागून मोनालीची चाहूल लागली आणि तिची सावली त्या दोघांवर पडली.

"भाऊ, ह्यो काय म्हंतोय?"

खोटं बोलायला जागा होती. पुंडलिकच्या बोलण्यावर तिनं विश्वास ठेवलाच नसता. एकदा नाही म्हटलं असतं तरी पुरलं असतं. हनुमान म्हणाला, "त्याच्यासाठी नाही केलं. हजारो नावं होती. एका कळपाला एक मालक करायचं काम होतं. मी एक ओळ लिहिली, तिनं सगळं बदललं. जुनं परत आणता येत नाही." हे बोलताना आपला आवाज सरांच्या आवाजासारखा झालाय हे त्याला जाणवलं. मोनाली खाली वाकून कानाचं एक टोक उचलून बघत होती. माशी हाकलून तिनं ते पुसलं, उघड्या तळहातावर ठेवलं आणि मग वर पाहिलं.

"माझं नाव दिसलं व्हतं का तुला? बदलायच्या आधी?"

हा प्रश्न जमादारानं विचारला नसता, सरांनीही नाही. हा विचारायला घरचंच माणूस लागत होतं. हनुमानला चहाचा तो घोट आठवला, त्याची गोडीसुद्धा.

"व्हय," तो म्हणाला. शहरात आल्यापासून त्याच्या तोंडून व्हय निघालं नव्हतं.

"मंग?"

"मंग काय नाय. चहा पीत व्हतो. दाबलं."

तिनं हात पुढं केला. "कात्री दे," ती म्हणाली, आणि तिनं ते इतक्या शांतपणे म्हटलं की पुंडलिकनं डोळे मिटून घेतले. त्याला वाटलं आता आपली पाळी. हनुमाननं पुंडलिकचं डोकं सोडलं. कात्री उलटी करून, पातं स्वतःकडं धरून, त्यानं मूठ तिच्याकडं केली. पुंडलिक हातापायांवर रांगत कुंपणाशी गेला आणि तिथं ओकत बसला. मोनालीनं त्याच्याकडं बघितलंही नाही. तिनं हनुमानच्या खांद्याला धरून त्याला खाली बसवलं, त्याचं अर्धं भादरलेलं डोकं आपल्या गुडघ्याशी दाबलं आणि डावा कान चिमटीत घेतला. सकाळची तुरटी लावलेली जखम त्या ताणानं पुन्हा उघडली. तिच्या बोटांना कोकरांची सवय होती, ती दुखवायला धरत नव्हती, हलू नये म्हणून धरत होती.

"हलू नको," ती म्हणाली.

आणि जो माणूस कुठल्याही न्हाव्याच्या हाती कधी स्थिर बसला नव्हता, तो बसला. पातं टेकलं, थंड. कच्च झालं. दुखणं लगेच आलं नाही, आधी मानेवरून गरम काहीतरी उतरलं, मग सगळं डोकं पेटलं आणि त्याच्या तोंडून एकदाच आवाज निघाला. मोनालीनं चुलीतली मूठभर राख आणून टोकावर दाबली. टोकाला मधोमध छाट होती, दोन फाका, केरबाची खूण. तिला आता रडू फुटलं होतं, पहाटेपासून पहिल्यांदा. "एक तरी कान ऱ्हाऊ दे आबाच्या खुनेचा," ती रडत म्हणाली. मग पदरानं नाक पुसून तिनं कात्री मातीत टाकली. "ऊठ. जमादाराला सांग. मला सांगितलं तसंच सांग, चहाबिहा समदं."

खिशात फोन वाजत होता, सरांचाच असणार. हनुमान उठला. एका हातानं कान दाबून त्यानं कुंपणाचं फाटक उघडलं. मेंढ्या आपसूक त्याच्या मागं निघाल्या, सपाट कानांच्या, डोकी झटकत. छावणीच्या रस्त्यावर मोटारी थांबून ही वरात बघत होत्या. कुणीतरी मोबाइल वर करून फोटो काढला. मोनाली सगळ्यांच्या मागं होती, हातात काठी घेऊन, आणि हनुमान जरा रेंगाळला की ती मेंढ्यांना घालतात तशी हाळी घालत होती. तो पुढं चालत राहिला.